डॉक्टरांची साक्ष : कोणाच्या बाजूची?

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, अशी एक म्हण आहे. ही म्हण ज्याने केली त्याच्या घरात बहुधा खायची भ्रांत नसावी. आपल्या माणसाला ती पायरी हौसेने कधीच चढावी लागली नाही. कुणाचा हात मशिनीत जातो, कुणाला ट्रक उडवतो, कुणाची लेक नासवली जाते, कुणाचा तरणाताठा पोरगा कोठडीतून चालत बाहेर येत नाही. मग कोर्ट दाखवावेच लागते. आणि अशा प्रत्येक खटल्यात एक माणूस असा उभा राहतो, की ज्याच्या दोन वाक्यांवर आपले सगळे अडते. तो वकील नाही, पोलीस नाही. तो असतो डॉक्टर.

वकिलांविषयी आपण खूप बोलतो. पोलिसांविषयी तर बोलतोच. पण कोर्टात साक्ष द्यायला येणाऱ्या डॉक्टरने कसे वागावे, याचा विचार आपल्या वस्त्यांतून फारसा होत नाही. डॉक्टर म्हटला की आपण हात जोडतो. हात जोडावेत, त्यात वावगे काही नाही. पण हात जोडताना डोळे मिटू नयेत, एवढ्यासाठी आजचा हा लेख.

तज्ज्ञ म्हणजे कोण?

कायद्याचा साधा नियम असा की साक्षीदाराने जे डोळ्यांनी पाहिले, कानांनी ऐकले तेच सांगावे. ‘मला असे वाटते’ ही भाषा साक्षीदाराला चालत नाही. फक्त तज्ज्ञाला ही सवलत आहे. 1872 च्या पुरावा कायद्यात कलम 45 मध्ये ती होती. 1 जुलै 2024 पासून तो कायदा जाऊन भारतीय साक्ष्य अधिनियम आला, त्यात हीच तरतूद कलम 39 मध्ये आहे. न्यायाधीशाला कायदा कळतो, पण हाड कशाने मोडले, जखम किती तासांपूर्वीची, विष पोटात कधी गेले हे कळत नाही. म्हणून त्या विषयातल्या जाणकाराचे मत घ्यायचे.

म्हणजे डॉक्टर कोर्टात येतो तो कोणासाठी? समन्स सरकारी वकिलाने काढले असेल, फी विमा कंपनीने दिली असेल, गळ आपल्या माणसाने घातली असेल. पण येतो तो न्यायाधीशासाठी. सर्वोच्च न्यायालयाने 1992 साली मदनगोपाल कक्कड यांच्या खटल्यात स्पष्ट केले आहे की डॉक्टरचे मत हे कोर्टाला दिलेला सल्ला असते. 1999 साली हिमाचल प्रदेश सरकार विरुद्ध जयलाल या खटल्यात न्यायालय आणखी पुढे गेले. तज्ज्ञाने नुसता निष्कर्ष सांगून भागत नाही, तो निष्कर्ष ज्या कसोट्यांवर काढला त्या न्यायाधीशापुढे मांडल्या पाहिजेत, म्हणजे न्यायाधीशाला स्वतःची बुद्धी चालवता येईल, असे त्या निकालाचे सार आहे.

आपल्याला ही गोष्ट नवी वाटू नये. केसपुत्त गावच्या कालामांना तथागतांनी हेच सांगितले होते. गुरू सांगतो म्हणून मानू नका, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या. कोर्टातला डॉक्टर कितीही मोठ्या पदवीचा असो, त्याच्या मतामागे कारण असले पाहिजे. कारण नसलेले मत म्हणजे नुसता हुकूम, आणि हुकूम फार सोसले आहेत आपण.

विलायतेतील एक हिशोब

मोठ्या डॉक्टरचा शब्द न पारखता घेतला तर काय होते, याचे एक उदाहरण इंग्लंडमधले आहे. तिथे सॅली क्लार्क नावाची बाई होती, व्यवसायाने वकील. तिचा पहिला मुलगा 1996 साली तान्हेपणीच झोपेत दगावला. 1998 साली दुसराही तसाच गेला. पोलिसांनी आईवरच दोन खुनांचा आरोप ठेवला. खटल्यात रॉय मेडो हे बालरोगांचे फार नावाजलेले प्राध्यापक साक्षीला आले. ते म्हणाले, अशा सुस्थितीतल्या घरात मूल आपोआप दगावण्याचे प्रमाण 8,543 मध्ये एक, आणि एकाच घरात दोन मुले तशी जाण्याचे प्रमाण 7 कोटी 30 लाखांत एक. नोव्हेंबर 1999 मध्ये ज्यूरीने तिला दोषी ठरवले. जन्मठेप झाली.

आम्ही कारकुनी पेशाचे, आकडेमोड हेच आमचे रोजचे काम. 8,543 ला 8,543 ने गुणले की 7 कोटी 29 लाख 82 हजार 849 येतात. म्हणजे गुणाकार बरोबर होता. चूक गुणाकारात नव्हती, गुणाकार करण्यातच होती. दोन गोष्टींचा एकमेकींशी काहीच संबंध नसेल तरच त्यांची प्रमाणे अशी गुणता येतात. एका खोलीत राहणाऱ्या दोन भावांपैकी एकाला टीबी झाला, तर दुसऱ्याला होण्याचा संभव वाढतो की नाही? एकाच आईबापाच्या दोन लेकरांत रक्तातून आलेला एखादा दोष सारखा असू शकतो. आणि समजा, गोष्ट दुर्मीळ असली तरी तेवढ्याने गुन्हा कसा ठरतो? लाखात एकाला लॉटरी लागते, म्हणून ज्याला लागली त्याने तिकीट चोरलेच असे म्हणायचे का? 2001 साली तिथल्या संख्याशास्त्रज्ञांच्या संस्थेनेच, रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने, या आकड्याला जाहीर हरकत घेतली.

त्याहून वाईट गोष्ट नंतर उघड झाली. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरकडे दुसऱ्या बाळाच्या तपासणीचे अहवाल होते, त्यात जंतूंचा संसर्ग दिसत होता. ते कागद बचावाच्या वकिलांपर्यंत आलेच नव्हते. जानेवारी 2003 मध्ये अपील कोर्टाने सॅली क्लार्कला सोडले. पण तीन वर्षांहून अधिक तुरुंग आणि दोन लेकरांचे दुःख तिला पेलले नाही. 2007 साली ती वारली. प्राध्यापक मेडो यांचे नाव 2005 साली डॉक्टरांच्या नोंदवहीतून काढले गेले, पुढे 2006 साली कोर्टाने ते परत लावले. त्यांनी मुद्दाम खोटे सांगितले असे कोणी म्हटले नाही. ते आपल्या विषयाची वेस ओलांडून दुसऱ्या विषयात बोलले, एवढेच. तेवढ्याने एक घर बसले.

यातून तीन नियम निघतात. डॉक्टरने आपल्या विषयापुरतेच बोलावे. जे माहीत आहे ते सगळे सांगावे, आपल्या बाजूला नको असलेला कागदही दाबू नये. आणि जिथे खात्री नाही तिथे ‘सांगता येत नाही’ हे शब्द उच्चारायला लाजू नये.

देसाईगंजची मुलगी

आता आपल्या मातीतले. 1972 सालच्या मार्च महिन्यात तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील, आताच्या गडचिरोलीतील, देसाईगंज पोलीस ठाण्यात एका गरीब आदिवासी मुलीवर पोलिसांनीच अत्याचार केल्याची फिर्याद झाली. मथुरा खटला म्हणून तो देशभर गाजला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरने तिला तपासले. अंगावर जखम नाही, असे लिहिले. शिवाय पूर्वी शरीरसंबंध आला होता असा अर्थ निघेल अशी नोंद केली. सत्र न्यायालयाने 1974 साली पोलिसांना सोडले. नागपूरच्या हायकोर्टाने शिक्षा दिली. 1978 साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले. अंगावर जखम नाही, म्हणजे प्रतिकार नाही, म्हणजे संमती असावी, असा तो तर्क चालला.

डॉक्टरने जखम नाही म्हणून लिहिले ते कदाचित खरेही असेल. पण रात्रीच्या वेळी पोलीस ठाण्यात दोन वर्दीवाल्यांपुढे एक अनाथ पोर भीतीने गोठून गेली तर जखम कुठून होणार? एवढे एक वाक्य अहवालात लिहायला कोणाची बंदी होती? ‘जखम नसणे म्हणजे जबरदस्ती नसणे नव्हे’ हे शास्त्र डॉक्टरनेच न्यायाधीशाला सांगायचे असते. ते सांगितले गेले नाही. आणि मुलीच्या आधीच्या आयुष्याची नोंद मात्र केली, जिचा त्या रात्रीच्या गुन्ह्याशी काही संबंध नव्हता. 1979 साली उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडे पत्र लिहिले, देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या, तेव्हा 1983 साली कायदा बदलला.

कायदा बदलला तरी दवाखान्यातली सवय बदलायला आणखी कितीतरी वर्षे गेली. पीडित मुलीची ती अपमानकारक ‘दोन बोटांची तपासणी’ चालूच राहिली. 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने ती स्त्रीच्या प्रतिष्ठेवर घाला आहे असे म्हटले. 2014 साली केंद्राच्या आरोग्य खात्याने तपासणीची नवी पद्धत घालून दिली. तरीही 31 ऑक्टोबर 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा बजावावे लागले की ही तपासणी करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल, आणि वैद्यकीय अभ्यासक्रमातूनही ती काढून टाका. आपल्या आयाबहिणींनी ही तारीख लक्षात ठेवावी. कोणी डॉक्टर तसे करू लागला तर ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार आपला आहे.

खैरलांजी आणि परभणी

29 सप्टेंबर 2006. भंडारा जिल्ह्यातील मोहाडी तालुक्यातले खैरलांजी. भोतमांगे कुटुंबातील चौघांना गावाने ठार केले. या अंकाच्या वाचकाला त्याहून अधिक सांगायला नको. पण एक गोष्ट पुन्हा सांगितली पाहिजे. पहिल्या शवविच्छेदनात जे तपासायला हवे होते ते नीट तपासले गेले नाही अशी ओरड झाली. पुरलेली प्रेते उकरून पुन्हा शवविच्छेदन करावे लागले. डॉक्टरांवर निलंबनाची कारवाई झाली. पण शरीर काही डॉक्टरच्या सोयीसाठी थांबत नाही. जो पुरावा पहिल्या दिवशी टिपायचा राहून गेला, तो मातीतून परत येत नाही. 2008 साली भंडाऱ्याच्या कोर्टाने सहा जणांना फाशी व दोघांना जन्मठेप दिली, 2010 साली हायकोर्टाने फाशीची 25 वर्षे कैद केली. पण अत्याचार प्रतिबंधक कायदा दोन्ही ठिकाणी लागू धरला गेला नाही, आणि स्त्रियांवरील अत्याचाराचा प्रश्न पुराव्याअभावी तसाच राहिला. भैय्यालाल भोतमांगे 2017 साली गेले, ते ही खंत उराशी घेऊनच.

म्हणजे डॉक्टरची साक्ष कोर्टात सुरू होत नाही. ती शवागारातल्या टेबलावर सुरू होते. तिथे घाई केली, पोलिसांनी सांगितले तेवढेच पाहिले, तर पुढे दहा वर्षांनी कोर्टात कितीही खरे बोलले तरी उपयोग काय?

आता याच्या उलट बाजू पाहा. 10 डिसेंबर 2024 रोजी परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. त्यानंतर धरपकड झाली. त्यात सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचे शिक्षण घेणारा तरुण होता. 15 डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत त्याचा मृत्यू झाला. विधानसभेत सरकारकडून मारहाण झाल्याचा इन्कार झाला, त्याच्या श्वसनाच्या आजाराचा उल्लेख झाला. पण छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी प्राथमिक अभिप्राय लिहिला होता : अनेक जखमांमुळे बसलेला धक्का.

एवढेच ते शब्द. सरकारी नोकरीतल्या डॉक्टरांनी लिहिलेले. त्यांना वरून कोणी काही सांगितले की नाही आम्हाला ठाऊक नाही, पण जे शरीरावर दिसले ते त्यांनी कागदावर उतरवले. त्या कागदाचा आधार नसता तर एका विधवा माऊलीचा आवाज मुंबई-दिल्लीपर्यंत पोचायला किती वर्षे लागली असती? 4 जुलै 2025 रोजी हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि 30 जुलैला सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. दोषी कोण हे न्यायालय ठरवील. पण न्यायाचे दार किलकिले झाले त्यात एका प्रामाणिक नोंदीचा वाटा आहे, हे आपण विसरू नये. वाईट डॉक्टरला शिव्या देणारा समाज चांगल्या डॉक्टरचे ऋण मानत नसेल तर चांगले डॉक्टर येणार कुठून?

डॉक्टर डॉक्टरविरुद्ध बोलत नाही

दुसरे दुखणे वेगळे आहे. दवाखान्यात हयगय होऊन आपला माणूस गेला तर ती हयगय होती हे सांगणार कोण? दुसरा डॉक्टरच. आणि तो तोंड उघडत नाही.

2005 साली जेकब मॅथ्यू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की डॉक्टरवर फौजदारी हयगयीची खासगी फिर्याद दुसऱ्या जाणकार डॉक्टरचे विश्वासार्ह मत जोडल्याशिवाय घेऊ नये, आणि पोलिसांनीही आधी स्वतंत्र, शक्यतो सरकारी, डॉक्टरचे मत घ्यावे. हेतू चांगला होता. डॉक्टरला उगाच छळू नये, नाहीतर तो अवघड रुग्णाला हातच लावणार नाही. पण याचा अर्थ असा झाला की कुलूपही डॉक्टरचे आणि किल्लीही डॉक्टरकडेच. दुसरा डॉक्टर ‘व्यवसायबंधू’ म्हणून गप्प बसला की गरिबाची फिर्याद दारातच मेली.

औरंगाबादच्या सरकारी दवाखान्यातली 1963 सालची गोष्ट आहे. एका बाईचे बाळंतपण झाले, पाठोपाठ कुटुंबनियोजनाचे ऑपरेशन झाले. ताप आणि पोटदुखी थांबेना. पोट पुन्हा उघडले तर आत कापड राहिलेले निघाले. काही दिवसांत ती बाई गेली. नवऱ्याने दावा लावला. खालच्या कोर्टात जिंकला, हायकोर्टात हरला, आणि सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली, म्हणजे 33 वर्षांनी, सरकारला जबाबदार धरले. अच्युतराव खोडवा खटला म्हणून तो कायद्याच्या पुस्तकांत आहे. पोटात कापड राहिले ही हयगय आहे हे कळायला तज्ज्ञ कशाला लागतो? 2010 साली व्ही. किशनराव यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले की ग्राहक न्यायालयात प्रत्येक वेळी तज्ज्ञाची साक्ष लागतेच असे नाही, जिथे गोष्ट स्वतःच बोलते तिथे नाही लागत.

डॉक्टरांच्या परिषदेची 2002 ची आचारसंहिता आहे. तिच्यात लिहिले आहे की आपल्या पेशातील अकार्यक्षम, भ्रष्ट वा अनैतिक वर्तन डॉक्टरने भय किंवा पक्षपात न ठेवता उघड करावे. खोटा दाखला देणे हे गैरवर्तन आहे असेही लिहिले आहे. म्हणजे गप्प बसणे ही बंधुता नव्हे. बाबासाहेबांनी संविधानात बंधुता घातली ती धंद्यातल्या धंद्यात एकमेकांना झाकण्यासाठी नाही.

दाखल्याचा भाव

आता थोडे आपल्याकडे वळू, कारण फक्त दुसऱ्याचे दोष काढणे आम्हाला पटत नाही.

अपघात होतो. हात जातो, पाय जातो. नुकसानभरपाईचा दावा लागतो. मग कोणीतरी एजंट भेटतो आणि म्हणतो, ‘दाखला 40 टक्क्यांचा कशाला? एवढे पैसे द्या, 70 चा आणून देतो.’ आपल्यातलेही काही जण भुलतात. पुढे काय होते? तो डॉक्टर सही करून मोकळा होतो, पण कोर्टात साक्षीला येत नाही. आला तर विमा कंपनीचा वकील पहिल्याच प्रश्नात विचारतो, ‘या माणसावर उपचार तुम्ही केले होते का?’ डॉक्टर म्हणतो, नाही. झाले. खऱ्या 40 टक्क्यांवरही संशय बसतो. आमच्या ओळखीच्या एका हमाल भावाचे असेच झाले. खरा लंगडा माणूस कोर्टात खोटा ठरला.

2010 साली राजकुमार विरुद्ध अजयकुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशा सढळ हाताने दाखले वाटणाऱ्या डॉक्टरांवर बोट ठेवले. त्याच निकालात कष्टकऱ्यांच्या फार उपयोगाची गोष्ट आहे. न्यायालय म्हणते, शरीराचे अपंगत्व किती टक्के हे डॉक्टरने सांगावे, पण त्यामुळे कमाई किती बुडाली हे ठरवणे न्यायाधिकरणाचे काम. उदाहरणही दिले आहे. डावा हात तुटला तर अपंगत्व साधारण 60 टक्के धरतील. पण तो माणूस ड्रायव्हर किंवा सुतार असेल तर त्याची कमाई जवळजवळ शंभर टक्के बुडाली. तोच सरकारी कारकून असेल तर त्याची नोकरी कदाचित राहील. म्हणजे आमच्यासारख्याचा हात गेला तर फायली चालतील, हमालाचा गेला तर चूल विझेल. हा फरक मिळवायला टक्के फुगवण्याची गरजच नाही. खरा दाखला, आणि आपण नेमके कोणते काम करत होतो त्याचा पुरावा, एवढे पुरते. मुसावादापासून दूर राहण्याचे शील आपण रोज म्हणतो. ते साक्षीच्या पिंजऱ्यात आणि दाखल्याच्या कागदावरही पाळायचे असते.

त्याच निकालात डॉक्टरांची बाजूही मांडली आहे. दवाखान्यात रांग सोडून डॉक्टर कोर्टात येतो, दिवसभर व्हरांड्यात बसतो, संध्याकाळी कळते की तारीख पडली. मग तो का येईल? म्हणून त्याच्या साक्षीची वेळ ठरवा, जमेल तिथे कमिशन नेमून दवाखान्यातच साक्ष घ्या, असे न्यायालयाने सुचवले. हे रास्त आहे. आता 2023 च्या नागरिक सुरक्षा संहितेत साक्षीसाठी विजेच्या साधनांची सोय आहे, तिचा उपयोग व्हावा. मात्र त्याच संहितेच्या कलम 336 प्रमाणे अहवाल लिहिणारा अधिकारी बदलून गेला, निवृत्त झाला वा वारला तर त्याच्या जागेवर आलेला अधिकारी साक्ष देऊ शकतो. वेळ वाचेल हे खरे. पण ज्याने जखम पाहिलीच नाही त्याने ‘कागदावर आहे तेवढेच मी सांगू शकतो’ ही मर्यादा पाळली पाहिजे. दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहिलेले आपल्या तोंडाने रंगवू नये.

आपण काय करावे?

काही साध्या गोष्टी घरातल्या सगळ्यांना माहीत असाव्यात.

मारहाण किंवा अपघात झाला तर त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जावे. कशाने मारले, कोणी मारले, केव्हा मारले हे डॉक्टरला नीट सांगावे आणि केसपेपरवर लिहिले का ते विचारावे. लाजून ‘पडलो’ म्हणू नये. पहिल्या दिवशी पडलो म्हटले की पुढे तेच वाक्य उलटतपासणीत आपल्या गळ्याला लागते.

उपचाराचे कागद मागितल्यावर 72 तासांत द्यावेत, असे 2002 ची आचारसंहिता सांगते. ते लेखी मागावेत, अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. कागद पिशवीत कोंबू नयेत, तारखेवार लावून ठेवावेत.

अत्याचारित स्त्रीची तपासणी तिच्या संमतीनेच होते. अहवालात प्रत्येक निष्कर्षाचे कारण लिहिले पाहिजे आणि तो सात दिवसांत तपास अधिकाऱ्याकडे गेला पाहिजे, असे नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 184 सांगते. प्रथमोपचार कोणत्याही दवाखान्याने, खासगी असला तरी, फुकट दिले पाहिजेत.

अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली खटला असेल तर कलम 15अ प्रमाणे पीडिताला खटल्याच्या कामकाजाची वेळेवर माहिती मिळण्याचा हक्क आहे. डॉक्टरची साक्ष कोणत्या तारखेला आहे ते सरकारी वकिलाला विचारावे आणि त्या दिवशी कोर्टात हजर राहावे. ‘साहेब, ही जखम पडून होते का, की मारल्यानेच होते, एवढे डॉक्टरांना विचारा’ असे नम्रपणे वकिलाला सांगावे. हा उद्धटपणा होत नाही.

आणि शेवटचे आपल्या लेकरांसाठी. आज आपल्या वस्त्यांतून मुलेमुली डॉक्टर होत आहेत. आईबापांनी पोटाला चिमटा घेऊन शिकवलेली ही मुले. न्यायवैद्यकाच्या विषयाकडे मात्र कोणी वळत नाही, कारण त्यात पैसा नाही आणि कोर्टाच्या चकरा आहेत. आम्ही त्यांना जीवकाची आठवण देतो. तक्षशिलेला त्याच्या गुरूने परीक्षा म्हणून सांगितले, योजनभर फिर आणि औषधी नसलेली वनस्पती घेऊन ये. जीवक रिकाम्या हाताने परत आला आणि म्हणाला, अशी एकही सापडली नाही. गुरूला खूष करायला त्याने एखादे गवत उपटून आणले नाही. जे पाहिले ते सांगितले, आणि तेवढ्यावर उत्तीर्ण झाला. पुढे तो बिंबिसार राजाचा वैद्य झाला, भगवंतांची सेवा केली.

कोर्टात उभ्या राहणाऱ्या डॉक्टरकडून समाजाला याहून जास्त काही नको आहे. आपल्या बाजूने खोटे बोल असे आम्ही म्हणत नाही. आपल्या माणसाचा दावा सत्यावर टिकत नसेल तर तो पडू दे. पण जे शरीरावर आहे ते कागदावर उतरू दे, जे कागदावर आहे ते कोर्टात येऊ दे. गरिबाजवळ पैसा नसतो, ओळख नसते. त्याच्या बाजूने बोलणारे सत्य तेवढे असते, आणि पुष्कळ वेळा ते डॉक्टरच्या लेखणीत अडकलेले असते.

जय भीम!